कुरुंद्याचा ट्रॅक्टर

लढाई संपली आणि लष्कराचं जुनं सामान विक्रीला निघालं, त्या सुमारास कुरुंदा गावच्या जमीनदार मालकांनी ट्रॅक्टर आणला. बैल कमी करता येतील, हा त्यामागचा हिशेब. मी तेव्हा हिंगोलीला एका जिनिंगमध्ये इंजिनवर मिस्त्री होतो. कापसाचा हंगाम दिवाळीनंतर, त्यामुळे पोळ्याच्या पुढेमागे मला काम नसे. पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील, मालकांचा निरोप आला आणि मी गेलो.

पोचलो तेव्हा चार बैलजोड्या ट्रॅक्टर ओढत होत्या. वर पलटणीतून आलेला ड्रायव्हर बसला होता. चाळीसेक पावलं ओढत नेलं की तो गिअर टाकी, इंजिन धडधडून सुरू होई आणि बैल उधळत. मग त्यांना धरून आणायला माणसं पळत. हे रोज सकाळी चाले.

मी म्हटलं, "हँडल मारून सुरू होत नाही का?"

ड्रायव्हरनं फडक्यात बांधलेलं मनगट दाखवलं. "हँडल उलटा फिर गया, मिस्त्री."

बॅटरी दोनदा बैलगाडीतून नांदेडला नेऊन भरून आणली होती. दोन दिवसांत ती पुन्हा मरे. म्हणजे बॅटरी चांगली होती, इंजिन चालताना तिला भरणारा डायनामो काम करत नव्हता. वीज चढतेय की नाही ते दाखवणारा काटा शून्यावर बसून होता.

"कधीपासून असं आहे?" मी विचारलं.

"पोळ्यापासून," ड्रायव्हर म्हणाला. मालकही तेच म्हणाले.

पहिल्या दिवशी मी डायनामोचा पट्टा ताणला. दुसऱ्या दिवशी डायनामो जागेवरच उघडून आतले वीज उचलणारे कार्बन घासून नीट बसवले. तिसऱ्या दिवशी बॅटरीकडची वीज जोडणारी-तोडणारी कटआऊटची डबी उघडून साफ केली. काटा हलला नाही. मालक रोज येऊन बघून जात. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चालू द्या बराबर. बैलबी आता वेळेवर येऊन राहिले."

चौथ्या दिवशी मी जाहीर केलं, की आतली तार जळाली आहे, डायनामो हैदराबादला न्यावा लागेल. ठामपणे सांगितलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. डायनामोचे नट सैल करायला बसलो. शेजारी गावचा म्हातारा रंगारी बैलगाडीचं चाक रंगवत होता.

"मिस्त्री, जरा हळू," तो म्हणाला. "तिथला रंग कच्चा असतानाच म्या त्याला बसवलं होतं."

"तुमी बसवलं?"

"व्हय. पोळ्याला पूजा होती न्हवं? मालक म्हणले, नवा दिसला पायजे. मंग सगळं सुटं केलं, दोन हात रंग दिला, परत बसवून टाकलं."

"बुडाखालीबी?"

"काहून नको? खाली गंजलं तर वरच्या रंगाचा काय उपयोग?"

मी पाना खाली ठेवला. डायनामोपासून बॅटरीकडे एकच तार जाते. वीज परत येते ती इंजिनच्या लोखंडातून, डायनामोच्या बुडात. तिथं लोखंडाला लोखंड भिडावं लागतं. इथं मध्ये दोन हात रंग होता. आणि सगळे पोळ्यापासून, पोळ्यापासून म्हणत होते, तर मी ती फक्त तारीख समजलो.

नट आवळले, इंजिन सुरू करायला लावलं आणि तारेचा एक तुकडा इंजिनला व डायनामोच्या उघड्या लोखंडाला टेकवला. काटा सरकला.

"चढ गया!" ड्रायव्हर ओरडला. मग शांतपणे म्हणाला, "तो हैदराबाद नहीं जाना?"

मी पिशवीतून कानस काढली. कान मात्र तापले.

रंग खरवडायचा म्हटल्यावर मालक अडले. "पूजेचा रंग हाये, मिस्त्री. त्याच्यावर हळदकुंकू वाहिलंय."

"बुडाखालचाच काढायचा, मालक. दिसणार न्हाई."

मालकांनी वाकून बघितलं, खात्री केली, मग होकार दिला. रंगाऱ्याचा चेहरा उतरला होता. "मंग समदी तकलीफ माह्यामुळंच झाली," तो म्हणाला.

"रंग चांगला दिलाय तुमी," मी म्हटलं. "बाहेरच्या कारागिरानं एवढं सुटं करून रंगवलं नसतं."

हे खरं होतं, पण त्याला ते फारसं मानवलं नाही. मी कानस पुढे केली, ती त्यानं घेतली नाही. स्वतःची सुरी आणून बुडाएवढाच चौकोन खरवडला, कडा सरळ ठेवून.

पुढच्या वर्षी तो हिंगोलीला जिनिंगच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. कुणाच्या तरी पिठाच्या गिरणीचं इंजिन त्याला रंगवायला मिळालं होतं.

"कुठं रंग द्यायचा न्हाई, तेवढं दाखवा," तो म्हणाला.

मी खडू घेतला आणि त्याच्याबरोबर गेलो.