भाऊचा अर्धा तास

महेशचा फोन आला तेव्हा मी ताटावर बसले होते. "आत्या, भाऊ गेले," एवढंच तो म्हणाला. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, महेशचे वडील; घरीदारी सगळे त्याला भाऊच म्हणायचे. धुळ्याहून जळगावला पोचेपर्यंत मी स्वतःला बजावत होते की रडायचं नाही... आणि दारात त्याच्या चपला दिसल्या. झालं! नंतर कळलं ते असं. भाऊचं बी-बियाण्यांचं दुकान. दुपारी तो नेहमीसारखा मागच्या खोलीत जेवायला गेला. वाटीभर जेवायला त्याला अर्धा तास लागतो आणि जेवताना कुणी पाहिलेलं आवडत नाही, हे दुकानातल्या माणसांना माहीत. म्हणून कुणी डोकावलं नाही. पाऊण तासाने दुकानातले जुने पांडूनाना आत गेले, तर भाऊ पोत्यांना टेकून बसलेला. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. वाटीत दोन चमचे वरण शिल्लक होतं.

हा एके काळचा एकशे तीस किलोचा माणूस. हिवाळ्यात मळ्यात भरिताचा बेत ठरला की भाऊ येणार का, हे विचारून मगच वांगी किती भाजायची ते ठरायचं. मग साखर वाढली, गुडघे गेले, दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना धाप लागायला लागली, तेव्हा नाशिकला जाऊन पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून आला. वर्षात निम्मा झाला. लोक कौतुक करायचे, तो हसायचा. घास चावून चावून खायचा, तरी कधी छातीत अडकायचा. जेवताना पाणी चालायचं नाही, भाकरी उतरायची नाही, गोड तर नकोच. आणि आमच्या घरची रीत अशी, की थोरल्याने हात धुतल्याशिवाय ताटावरून कुणी उठायचं नाही. सुना, नातवंडं, सगळी हात वाळवत त्याच्या चमच्याकडे बघत बसायची. मग तो म्हणायला लागला, तुम्ही बसा, माझं झालंय. कुठलं व्हायला! डबा घेऊन दुकानात जायचा आणि तिथे एकटा जेवायचा. भरिताला येईना, लग्नात पंगतीला बसेना. आम्ही म्हणालो, बारीक काय झाला, शिष्टपणा आला. मी तर तोंडावर म्हणाले.

दोन वर्षांपूर्वीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात या सणाला लेकी माहेरी येतात. मी खापरावरचे मांडे केले, त्यात माझा हात चांगला, आणि पुरणाचा अर्धा मांडा आंब्याच्या रसासकट त्याच्या ताटात वाढला. नको म्हणाला. मी म्हटलं, बहिणीच्या हातचं नको असेल तर पुढच्या वर्षी मी येतच नाही. काय म्हणावं मला... त्याने मुकाट्याने खाल्लं. थोड्या वेळाने उठला, न्हाणीत नळ सोडलेला मी ऐकला. बाहेर आला तो घामाने निथळत, आणि ओट्यावर आडवा झाला. विचारलं तर म्हणाला, ऊन बाधलं. मी ते खरं मानलं. मला ते खरं मानायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा तो स्वयंपाकघरात वाटी घेऊन एकटाच बसला होता. मी पिशवी उचलली तर म्हणाला, "नलू, मनं जेवण व्हई तवलोंग बस ना वं." आईची ही बोली तो आता फक्त माझ्याशी बोलायचा. माझं जेवण होईतो बस, एवढंच मागणं. मी घड्याळ पाहिलं. धुळ्याची एसटी धरायची होती. तासातासाला असते हो ती गाडी! पुढच्या खेपेला निवांत बसते म्हटलं आणि निघाले. पुढच्या दोन-तीन खेपा झाल्या. निवांत काही मी बसले नाही.

तो गेल्याला पाच आठवडे झाले आणि यंदाची आखाजी आली. दुखवट्यात सण नव्हता, पण या दिवशी पितरांचं करावंच लागतं. वहिनीने त्याच्या आवडीचं सगळं रांधलं, मांडे, रस, कुरडया. विस्तवावर पितरांसाठी घास ठेवतात, त्याला आम्ही आगारी म्हणतो. महेशने मांड्याचा चांगला मोठा घास उचलला आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "त्याला जात नाही रे ते."

महेशने घास परत ताटात ठेवला. वहिनी उठून आत गेली आणि त्याची ती छोटी वाटी घेऊन आली. वरणात कालवलेला मऊ भात आणि त्याचा चमचा. मी चमच्याच्या टोकावर मावेल एवढा घास निखाऱ्यावर ठेवायचे, तो चावायला जेवढा वेळ घ्यायचा तेवढी थांबायचे, मग पुढचा. पोरं उठली. महेशला दुकान उघडायचं होतं. वहिनीही डोळ्यांना पदर लावून आत गेली. विस्तवापुढे मी एकटीच उरले. अर्धा तास केवढा मोठा असतो... आणि असे रोजचे दोन-तीन अर्धे तास तो पोत्यांना टेकून काढत होता.

विस्तव विझला तरी वाटीत थोडं उरलं होतं. ते मी खाल्लं, सावकाश. धुळ्याची गाडी केव्हाच सुटली होती. तासाने दुसरी होती.