उशीची पिवळी कड

दोरा दातांनी तोडायची, कातर समोर असली तरी. सुई ओठांत धरून बोलायची. कुणी उसासा टाकला की म्हणायची, "चालता हो!" माणसाला नव्हे, उसाशाला. उशी शिवून झाली की तिच्यावर आधी स्वतःचा गाल टेकवून बघायची.

ताई शवपेट्यांच्या कारखान्यात अस्तरं आणि उश्या शिवायची. मी तिथेच पाट्यांवर नावं रंगवते. साहित्याची पदवी एवढी कामाला आली. अस्तर पांढरं, उशी पांढरी, असा मालकांचा नियम. ताई उशीला भडक पिवळी कड लावायची.

"मयताची पेटी आहे ही, नवरीची गादी नाही," मालक करवादायचे.

"काका, बायबलात वचन आहे. सुटून आलेल्यांच्या डोक्यावर सार्वकालिक आनंद असेल. डोक्यावर! पायाशी म्हटलं असतं, तर पायाशी लावली असती."

एकदा एक बाप मुलीसाठी पेटी न्यायला आला. उशी बघून भडकला. "थट्टा चालवलीय का?"

"उसव ती कड. आत्ताच्या आत्ता," मालक ताईवर ओरडले.

ताईने ओठांतली सुई काढली. "रडा दादा. माझा मुलगाही असाच गेला, पांढऱ्याफटक पेटीत. तेव्हा मला शिवता येत नव्हतं. पण हे रडणं कायमचं आहे, असं मी त्याला समजू देणार नाही."

"कुणाला?"

"मरणाला. फार शेफारलंय."

बाप बराच वेळ त्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग पेटी तशीच घेऊन गेला.

"यापुढे एक जरी पिवळा टाका दिसला," मालक म्हणाले, "तर घरी बसायचं."

"बसवा," ताई म्हणाली, आणि मशीनमध्ये पिवळा दोरा ओवला.

तिला घरी बसवायची वेळ आली नाही. परवा ती मशीनवरच गेली. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. मला अजून हे सांगणारं वाक्य सापडलेलं नाही.

आज तिच्या पेटीत मालकांनी पांढरी उशी ठेवली. मी ती काढून टाकली. तिच्या मशीनवर एक उशी तशीच पडली होती, ती आणली.

"अगं, अर्धवट आहे ती. चार लोक काय म्हणतील? निदान पुरी तरी कर."

"मला शिवता येत नाही. येत असतं तरी केली नसती."

"नियम माहीत आहे ना तुला?"

"बसवा घरी."

मालक वाकले आणि ताईचं डोकं दोन्ही हातांनी अलगद उचलून धरलं. मी उशीवर गाल टेकवून पाहिला, मग ती खाली सरकवली.

कड डाव्या कानापर्यंत आली आहे. पुढे तिने खडूची रेघ मारून ठेवलीय. रेघेवर टाका नाही.