कोलाकच्या पातेल्यापाशी संकष्टी

पाककृतींची पुस्तकं मी इतिहास म्हणून वाचतो. राजाचा भाट लढाई फुगवून सांगू शकतो. पण मीठ किती घालायचं हे कुणी खोटं लिहिलं, तर ते पुढच्याच जेवणात पकडलं जातं. शारजा औद्योगिक क्षेत्रात एक गोदाम आहे, तिथे जुनी पुस्तकं खोक्यांनी येतात. तिथे इंडोनेशियन मिठायांचं एक पातळ पुस्तक बारा दिरहॅमला, म्हणजे जवळपास तीनशे रुपयांना मिळालं, तेव्हा मी ते दोन्ही हातांनी धरून घरी आणलं.

भाषा येत नव्हती. फोनचा कॅमेरा पानावर धरला की मोडकंतोडकं भाषांतर दिसायचं. एका पानावर गुळाचा डाग होता आणि समासात पेन्सिलीने काही खरडलं होतं. फोनने सांगितलं, ‘बाबांसाठी गूळ कमी.’ कुठल्या गावचे बाबा, कोण जाणे! पण त्या तीन शब्दांनी मला घराबाहेर काढलं. त्या पानावरचा पदार्थ होता कोलाक. अबुधाबीत एका छोट्या इंडोनेशियन हॉटेलात रमजानमध्ये तो मिळतो असं कळलं, आणि शुक्रवारी आम्ही निघालो.

दुबईत आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधून अबुधाबीला सव्वा तास धरा. गर्दीच्या वेळी शहरात शिरताना चार दिरहॅम टोल. रमजानमध्ये संध्याकाळी पाचच्या आत पोचा, नंतर पार्किंग विसरा. गाडीत बायको सुनंदा आणि सोळा वर्षांची इरा. अर्ध्या वाटेवर सुनंदा शांतपणे म्हणाली, “अहो, आज संकष्टी आहे. माझा उपवास.”

खाण्याच्या सहलीला संकष्टी निवडणारा माणूस पृथ्वीवर मी एकटाच असेन.

हॉटेल टुरिस्ट क्लब भागातल्या एका गल्लीत आहे. लग्नानंतरची दहा वर्षं आम्ही याच भागात राहिलो. दारासमोर इफ्तारसाठी दोन टेबलं मांडली होती. एकावर तळणीचे पदार्थ होते: कोबीची भजी, पिठात बुडवून तळलेल्या सोयाबीनच्या वड्या, केळ्याचे काप. तिथे झुंबड. दुसऱ्यावर भलंमोठं पातेलं आणि हिरव्या गोळ्यांचं एक ताट. तिथे कुणी नव्हतं. मागे हिजाब घातलेली, पन्नाशीची बाई उभी होती. बू यान्ती. बू म्हणजे बाई, वडीलधाऱ्या बाईला मानाने म्हणतात. अकरा वर्षं ती इथल्या स्वयंपाकघरात आहे आणि कामचलाऊ हिंदी बोलते.

मी पुस्तक उघडून डागाचं पान दाखवलं. तिने त्या डागावर बोट ठेवलं आणि हसली. “ये पेज सब का गंदा होता है.”

तेवढ्यात हॉटेलचे मालक बशीरभाई बाहेर आले. केरळचे, आवाजात घाई. “यान्ती, तीन दिन हो गया. आज ये बर्तन खाली नहीं हुआ तो कल से इधर समोसा. खलास.”

बू यान्तीने पातेल्याचं झाकण सरळ केलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “किचन में सब बशीरभाई का. ये टेबल मेरा है.”

अकरा वर्षांत तिचं स्वतःचं असं हे एकच टेबल, आणि त्याचं आयुष्य मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानपर्यंत. पाऊण तास उरला होता.

मग मला कोण थांबवणार? इराने माझा शर्ट ओढला. “बाबा, प्लीज. नॉट अ स्पीच.” पण मी फुटपाथवर उभा राहून हिंदीत सुरू झालो होतो. नारळाने समुद्र कसे ओलांडले, माडाच्या गुळाने किती बंदरं जोडली, साबुदाणा मुळात त्यांच्याकडच्या ताडासारख्या झाडाच्या खोडातून कसा निघतो आणि आपण तो कंदापासून बनवून आपलाच कसा म्हणतो! आवाज चांगला लागला होता. लोक थांबले, हसले आणि भज्यांकडे वळले. एक पठाण टॅक्सीवाला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “उस्ताद, तक़रीर बाद में, पकौड़ा पहले.”

पातेलं भरलेलंच.

सुनंदा मात्र पातेल्यात डोकावत होती. “इसमें क्या-क्या है?”

“शकरकंद, केला, साबुदाना. नारियल का दूध. गुड़. थोड़ा नमक.”

“तुमने चखा?”

“रोज़ा है. नाक से देखती हूँ.”

सुनंदाने वाकून वास घेतला. “आणि हे पान?” गाठ मारलेलं एक लांब हिरवं पान दुधात तरंगत होतं. मी सांगितलं, केवड्याच्या कुळातलं आहे. तिने फोन काढला. अबुधाबी सोडून नऊ वर्षं झाली, तरी इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपमधून ती बाहेर पडलेली नाही. तिने लिहिलं: ‘रताळं, केळं, साबुदाणा, नारळाचं दूध, गूळ. गरम. आठ दिरहॅम वाटी. उपवासाला चालतं. आमच्या जुन्या बिल्डिंगमागच्या गल्लीत या.’ खाली पानाचा फोटो आणि ‘केवड्याच्या कुळातलं आहे, चालेल ना?’

उपवासाच्या बाबतीत त्या ग्रुपचं सुप्रीम कोर्ट म्हणजे कुलकर्णी काकू. त्यांचा आवाज फोनमधून गल्लीत घुमला. “केवडा गणपतीला चालतो ना? मग त्याच्या भाचीला कोण अडवणार? माझ्या चार वाट्या ठेव. आणि सुनंदा, चव कशी आहे?”

सुनंदाने पातेल्याकडे पाहिलं, बू यान्तीकडे पाहिलं. रस्त्यावर सगळे रोज्याचे असताना तिनेही घोटभर चाखलं नव्हतं. “छान आहे, काकू,” ती म्हणाली. तिचा शब्दही आता त्या पातेल्यात पडला.

दहा मिनिटांनी गल्लीच्या टोकाला पहिला स्टीलचा डबा दिसला. मग दुसरा. मग घरातल्याच चपला घालून काकू स्वतः, हातात दोन कप्प्यांचा डबा. “माझ्या डायबेटिसला कुणी सांगू नका.” बू यान्ती डबे भरत होती, इरा पैसे घेत होती आणि न सांगता सगळ्यांना “नेक्स्ट, आंटी!” म्हणत होती. रांग बघून रांग वाढते. टॅक्सीवाला परत आला. “ये सब क्या ले रहे हैं? मुझे भी दो.”

अजान झाली तेव्हा पातेल्यात तीन वाट्या उरल्या होत्या. त्या बू यान्तीने आमच्यासाठी बाजूला काढल्या, आणि स्वतः खजूर खाऊन पाणी प्यायली.

आता चवीबद्दल. रताळं मऊ, पण आकार धरून. नारळाचं दूध गुळाने तांबूस झालेलं, त्यात धुरकट खमंगपणा, आणि शेवटी जिभेवर मिठाचा एक कण. नाकाने पाहिलेलं मीठ! इतका अचूक हात मी पाहिलेला नाही. सुनंदा एक चमचा खाऊन थांबली, मग खालमानेने पूर्ण वाटी संपवली. तिचा शब्द खरा ठरला होता.

हिरवे गोळे म्हणजे क्लेपोन: चिकट तांदळाची पिठी, आत गूळ, वर खोबरं. मी मोदकासारखा अर्धा तोडला आणि आतला गूळ पिचकारीसारखा शर्टावर उडाला. “पूरा मुँह में, बंद करके!” बू यान्ती ओरडली. तांदूळ म्हणून सुनंदाने आपले गोळे रात्री उपवास सोडण्यासाठी बांधून घेतले.

बशीरभाई रोजा सोडून वाटी घेऊन आले, झाकण उचललं आणि रिकाम्या पातेल्यात बघत राहिले. “यान्ती, मेरे लिए?”

तिने पातेलं उचलून कमरेवर घेतलं. “कल. इन्शाल्ला.”

घरी पोचेपर्यंत चंद्र वर आला होता. सुनंदाने गॅलरीत अर्घ्य दिलं, गणपतीपुढे दुर्वा आणि क्लेपोन ठेवले, मग एक अख्खा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी शर्टावरचा डाग धूत होतो. वीस मिनिटं बोलून माझ्याने एक वाटीही विकली गेली नव्हती.

बाहेर आलो तर ते पुस्तक टेबलावर उघडं होतं. ‘बाबांसाठी गूळ कमी’च्या खाली, सुनंदाच्या हस्ताक्षरात, पेन्सिलीने नवी ओळ होती: ‘उपवासाला चालतं.’