तळमजल्यावरचं घर

विमान खाली यायला लागलं तेव्हा खिडकीतून आधी दिसली ती कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी. माझ्या नवऱ्याने, विलेमने, चष्मा पुसून नीट पाहिलं आणि आपल्या डच स्पष्टपणाने विचारलं, "म्हातारपणी आपण हा धूर खायला येणार?" मी म्हटलं, "आधी उतर तर खरं."

रॉटरडॅमच्या आपल्या मराठी मंडळींत जेवणं आटोपली की हा विषय हमखास निघतो. निवृत्तीनंतर राहायचं कुठे, आणि आजारी पडलो तर बघायचं कोणी? आमच्या घरी तो जरा जास्तच गाजला, कारण भारतात राहायची हौस माझ्यापेक्षा विलेमला. मी मूळची नाशिकची, पण तिथे आता माझं कोणी उरलेलं नाही. धाकटी बहीण सुमा लग्न होऊन नागपूरला गेली आणि तिथलीच झाली. म्हणून नागपूर. हिवाळा तिथे काढायचा, घरं पाहायची, एखादं पसंत पडलं तर भाड्याने घेऊन ठेवायचं, असा बेत होता. निघताना तुम्ही सगळ्यांनी "आल्यावर सांग हं, कसं काय ते" असं बजावलं होतं, म्हणून आपल्या मंडळाच्या अंकासाठी हे लिहायला बसले.

विमानतळावर सुमा आणि तिचे यजमान दिवाकरराव आले होते. दिवाकरराव वीजकेंद्रातच कारकून होते, आता निवृत्त आहेत आणि नोकरीत होते त्याहून जास्त कामात असतात. "या जी ताई, किती वाळून गेल्या तुम्ही! तिकडे काही खायले देत नाही का?" असं म्हणत त्यांनी माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली. मी वाळलेली मुळीच नव्हते, पण ऐकायला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्री पोहे (चण्याचा झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) खायला नेलं. दोन घासांत विलेमच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. गाडीवाला घाबरून म्हणाला, "साहेबाले पाणी देऊ का जी?" विलेमने मान हलवली आणि आणखी तर्री मागितली. खोटी स्तुती करणं त्याच्या रक्तात नाही. त्याच दुपारी सुमाने हौसेने केलेल्या पुडाच्या वड्या (सांबाराचं, म्हणजे नागपुरी बोलीत कोथिंबिरीचं, सारण भरलेल्या) खाऊन "छान आहेत, पण मीठ जास्त आहे" असं त्याने आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं. सुमा कानकोंडी झाली. मी कपाळाला हात लावला.

घरं पाहणं मजेत चाललं होतं. फुटाळा तलावाजवळ तिसऱ्या मजल्यावरचं एक घर आम्हा दोघांनाही फार आवडलं. लिफ्ट नव्हती, पण गच्चीतून अख्खा तलाव दिसायचा आणि संध्याकाळी पाण्यावर तांबूस उजेड पसरायचा. "हेच," विलेम म्हणाला. सुमा म्हणाली, "अगं, घेऊन टाका ना. मी रोज येईन चहाले." माझ्या नाशिकच्या बहिणीच्या तोंडी ते "चहाले" ऐकून मला हसू फुटलं.

त्याच आठवड्यात अंघोळ करताना माझ्या डाव्या स्तनात गाठ लागली.

आपल्याकडे हॉलंडमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. आधी घरच्या डॉक्टरला फोन, मग त्याच्या मदतनीस बाईची उलटतपासणी, मग तपासण्यांसाठी तारीख. नागपूरला मी सुमाला सांगितलं, सुमाने दिवाकररावांना, त्यांनी कोणाला तरी फोन केला, आणि दुपारच्या जेवणाआधी मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात पलंगावर होते. सोनोग्राफी झाली. सुईने गाठीचा तुकडाही काढून झाला. मी थक्कच झाले. विलेम तर बाहेर पडल्यावर रस्त्यातच उभा राहून म्हणाला, "हे आपल्याकडे व्हायला महिना गेला असता."

पण त्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती. मी खोलीत शिरताच डॉक्टरांनी विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, "माझी मी आहे." त्यांना ते पटलं नसावं. त्यांनी दिवाकररावांना आत बोलावलं आणि माझ्यासमोर त्यांनाच विचारायला लागले, "पेशंटला शुगर आहे का? बीपी? झोप लागते का?" मला झोप लागते की नाही हे दिवाकररावांना काय ठाऊक! तेही बिनधास्त म्हणाले, "लागते जी, बरोबर लागते." मी दोघांकडे आळीपाळीने बघत बसले.

रिपोर्ट यायचा होता. घर, तलाव, गच्ची सगळं विसरून माझं लक्ष तिकडेच लागलं. "आला का?" असं विचारलं की दिवाकरराव म्हणायचे, "यायचा आहे जी. लॅबवाले लोक असेच असतात." मधेच मला दवाखान्यात नेऊन अंगभर आणखी एक स्कॅन करून आणला. कशासाठी, तर "इथं सगळ्यांचाच करतात." शेजारच्या बाईंनी काटोलच्या संत्र्यांची टोपली पाठवली. त्यांची माझी धड ओळखही नव्हती. सुमा मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईना. आणि एका दुपारी वांग्याच्या भाजीत मीठ चुकून दोनदा पडलं होतं, तर विलेमने ती मुकाट्याने संपवली. तेव्हाच मला ते खटकलं, पण मी मनावर घेतलं नाही.

मग एकदम तलावाजवळचं घर बारगळलं. दिवाकरराव म्हणाले, "ताई, कायले त्या पायऱ्या? धंतोलीत तळमजल्यावरचं एक घर आहे माझ्या पाहण्यात. दवाखाना, औषधाचं दुकान, सगळं बाजूले." मी चिडले. म्हटलं, "मी काय इतकी म्हातारी झाले?" विलेमकडे पाहिलं. तलावावर जीव टाकणारा माणूस म्हणाला, "बघायला काय हरकत आहे?"

सुमा आणि मी बघायला गेलो. घरमालकीण भोयरकाकू मोकळ्या, बोलक्या बाई. दोन खोल्या, मागे तुळस, न्हाणीघराच्या भिंतीला नवाकोरा धरायचा दांडा. "दिवाकरभाऊंनी कालच लावून घ्यायले सांगितला," काकू म्हणाल्या. मग माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन त्या अगदी मायेने म्हणाल्या, "टेन्शन घेऊ नका जी ताई. माझ्या जावेलेबी हेच झालं होतं, छातीचंच. केमो घेतली, केस गेले, पुन्हा आले. आता पाहा, पोरीचं लग्न करून राहिली ती."

मी विचारलं, "कोणाला काय झालंय?"

काकूंनी सुमाकडे पाहिलं. सुमा भिंतीकडे बघत होती.

"अरे बाप्पा," काकू म्हणाल्या, "यांले सांगितलंच नाही काय वं?"

मी तिथेच ओट्यावर बसले. मला कॅन्सर झालाय हे मला एका घरमालकिणीने सांगितलं, जिचं नाव मला तासाभरापूर्वी ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना माहीत होतं, बहिणीला, मेव्हण्याला, संत्री पाठवणाऱ्या शेजारणीला माहीत होतं. माझंच शरीर, आणि त्याची बातमी गल्लीभर फिरून सगळ्यात शेवटी माझ्याकडे आली होती. भीती नंतर वाटली. त्या क्षणी मी फक्त सुन्न झाले होते, आणि मग भयंकर संतापले.

घरी आल्यावर दिवाकरराव मान खाली घालून म्हणाले, "ताई, आमच्याकडे पेशंटले नाही सांगत. माणूस खचून जाते. आमच्या बाबांलेबी शेवटपर्यंत माहीत नव्हतं."

"त्यांनी कधी विचारलं होतं?"

"रोज विचारायचे," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

विलेम अंगणात कपडे वाळत घालत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुला माहीत होतं?"

"हो. रिपोर्ट आला त्याच दिवशी."

शेजारणीचं मी समजू शकत होते. पण हा! ज्याने माझ्या आईला तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या गाण्याचा सूर लागत नाही, त्या माणसाने माझ्या शेजारी झोपून हे लपवलं?

"तू नेहमी म्हणतेस," तो म्हणाला, "की आम्ही डच लोक सत्य माणसाच्या अंगावर फेकून मारतो. तुझी माणसं म्हणाली, इथे असंच करतात, तिच्या भल्यासाठी. मला वाटलं, हा तुझा देश आहे. एकदा तरी तुझ्या पद्धतीने वागावं." त्याच्या हातात माझाच ओला गाऊन होता. "मला अजिबात जमत नव्हतं," तो म्हणाला आणि रडायला लागला. मीही रडले. माझ्या माणसांचा मान राखायला म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापासून काही लपवलं होतं, आणि त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्कॅनचा रिपोर्ट मिळणार होता. मी डॉक्टरांना निरोप पाठवला की आधी मला सांगायचं, जसं असेल तसं. सुमा आणि दिवाकरराव बाहेरच्या बाकावर बसले. आत फक्त मी आणि विलेम. डॉक्टर थोडे अवघडले. पण मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलले.

"गाठ छातीत आहे, पण यकृतावरही डाग दिसतायत. त्यामुळे ऑपरेशन करून हा आजार निघून जाणार नाही. औषधांनी दाबून ठेवता येतो. काहींचा बरीच वर्षं दबून राहतो, काहींचा नाही."

"म्हणजे मी बरी होणार नाही?"

"पूर्ण बरं होणं, नाही." मग हलकेच म्हणाले, "उपचार तुम्ही इथे घ्या की तिकडे, औषधं तीच आहेत. तुम्हाला कुठे राहावंसं वाटतं ते ठरवा."

मला हवं होतं ते मिळालं होतं. मी उठले, दार उघडलं. सुमा बाकावरून ताडकन उभी राहिली. मांडीवरचा जेवणाचा डबा खाली पडला, तिला त्याची शुद्धही नव्हती. लहानपणी ताप चढला की ती जशी माझ्या तोंडाकडे बघायची, तशीच बघत होती.

"ताई, काय म्हणाले वं?"

आणि मी म्हणाले, "काही नाही गं. लवकर सापडलंय. औषधांनी जाईल म्हणाले."

शब्द बाहेर पडले आणि मीच दचकले. कालपासून सगळ्यांना धारेवर धरणारी मी! आता विलेम तोंड उघडणार, या भीतीने मी त्याच्याकडे वळले. त्याने खाली वाकून डबा उचलला, तो सुमाच्या हातात दिला आणि आपल्या मराठीत, एकही शब्द न अडखळता म्हणाला, "होय. लवकर सापडलं. सगळं चांगलं." सुमा त्याच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली आणि दिवाकरराव पेढे आणायला धावले. चौघांनी दवाखान्याच्या दारात उभं राहून पेढे खाल्ले.

रॉटरडॅमला परत येऊनही आता काही दिवस झाले. इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला सगळी चित्रं दाखवली, सगळं समजावलं, माझ्या प्रश्नांना न टाळता उत्तरं दिली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं त्यात काही फरक नव्हता. भेटेल तो विचारतो, मग कुठे बरं, इथे की तिथे? इथे थांबावं लागतं, पण कोणी काही लपवत नाही. तिथे क्षणाचाही उशीर होत नाही, पण तुमचं दुखणं तुमच्या एकट्याचं राहत नाही. यातलं चांगलं कुठलं, ते मला खरंच सांगता येत नाही. आम्ही भोयरकाकूंचं घर घेतलंय, एवढं सांगते.

सुमाला अजून काही माहीत नाही. रोज फोनवर "औषध लागू पडून राहिलं ना?" म्हणून विचारते. मंडळाचा हा अंक दरवेळी पोस्टाने तिच्याकडेही जातो आणि माझं नाव दिसलं की ती चहा गार होईपर्यंत वाचत बसते. यावेळी तिची प्रत पाठवू नका, असं मी संपादकांना कळवलंय. तुमच्यापैकी कोणी तिला ओळखत असेल तर कृपा करून मी तिच्याकडे पोहोचेपर्यंत फोन करू नका. तिकिटं काढून झाली आहेत, तो अंक मी माझ्या हाताने नेणार आहे. ती वाचेल तेव्हा मला तिच्याजवळ असायचंय.