सलामीला दिलेला हात

मानसिंगनं आपला चुलतभाऊ कोयत्यानं तोडला, तो पलूसजवळच्या उसात. कारण काय म्हणाल, तर बांध. दरसाल नांगरटीला भाऊ थोडा थोडा बांध कोरायचा आणि ते मानसिंगच्या डोक्यात वळवळत राहायचं. त्या दिवशी भाऊ पाटावर ओणवा होऊन ओंजळीनं पाणी पीत होता. मानसिंगनं मागनं जाऊन मानेवर घाव घातला. पाणी पिणाऱ्या माणसावर! पुढचे घाव कशाला घातले, ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. माणूस कधीच संपला होता, याचा हात थांबत नव्हता एवढंच. पाटाचं पाणी तांबडं होऊन खालच्या वाफ्यात शिरलं, तेव्हा कुठं तो भानावर आला आणि पोलीस येईपर्यंत तिथंच बसून राहिला.

जन्मठेप झाली. बायको लीलाबाईनं त्याच आठवड्यात कुंकू पुसलं आणि लहानग्या वीरधवलला घेऊन माहेरी रहिमतपूरला गेली. एकदाही भेटायला आली नाही. आणि का यावं हो तिनं? मेलेला भाऊ तिच्याच हातचं जेवून मोठा झालेला दीर होता.

पोरगं मात्र बापाच्या वळणावर गेलं. आधी बापासारखंच त्यालाही तालमीत घातलं होतं. अंगानं तगडं, डाव लगेच उचलायचं, वस्तादाचा भारी जीव त्याच्यावर. पण तालमीतला घाम सोडून ते चौकातल्या पोरांत रमलं. वाढदिवसाला केक कापायचा तो कोयत्यानं, आणि मोबाईलवर स्टेटस ठेवायचं बापाच्या फोटोचं! ज्या बापाचं घरात नाव निघत नव्हतं, त्याच्या नावावर हा बाहेर मिशीला पीळ देत होता. माझ्या बापानं भाऊबंदाला समोरासमोर आव्हान देऊन आडवा केला, असं चारचौघांत सांगायचा. असल्याच एका वाढदिवसाला एक पोरगा हसला, म्हणाला, तुझा बाप कसला आलाय वाघ. वीरधवलनं केकचा तोच कोयता त्याच्या खांद्यात घातला. दुसरा घाव अडवताना त्या पोराची बोटं तुटून केकच्या खोक्यात पडली. पोरगा वाचला हे नशीब. सगळं मोबाईलात उतरलं होतं, त्यामुळं कोर्टालाही फार डोकं लावावं लागलं नाही.

अशा रीतीनं बाप आणि लेक एका जेलात आले. मानसिंग आता पिकल्या केसांचा, स्वयंपाकघरात भाताची पातेली उतरवणारा कैदी. वागणूक चांगली म्हणून माफी मिळत गेली होती आणि येत्या दिवाळीला तो सुटणार होता. रांगेत पोराचं नाव पुकारलं, तेव्हा त्यानं मान वर करून पाहिलं. पोरानं ताट पुढं केलं, भात घेतला आणि त्याच्याकडं बघून थुंकला. बाप म्हणून नाव मिरवायला हवा होता, माणूस म्हणून नको होता. मानसिंगला ते लय लागलं, तरी त्यानं पुढच्या ताटात भात वाढला.

बरॅकीत ज्ञानू नावाचा एक म्हातारा चोर होता. जीभ सैल. वीरधवल आपली फुशारकी मारत होता, तेव्हा हा खो खो हसला. म्हणाला, समोरासमोर कसलं, पाणी पिताना मागनं मारलाय तुझ्या बापानं, आख्ख्या जेलला ठावं हाय. त्या दिवसापासून वीरधवलनं ज्ञानूवर डूख धरला. बादलीचा पत्रा तोडून तो संडासाच्या फरशीवर घासत बसलेला मानसिंगच्या एका सोबत्यानं बघितला आणि त्याला सांगितलं.  मानसिंगला ती हाताची ओढ माहीत होती. एकदा पोराच्या हातून ज्ञानू गेला की पोरगंही गेलं, आयुष्यभरासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदावर ज्ञानू तोंडाला साबण लावून बसला होता. डोळे मिटलेले. वीरधवल कमरेचा पत्रा काढून त्याच्या पाठीमागं निघाला. मानसिंगनं चहाची बादली तिथंच टाकली आणि त्याला आडवा गेला.

"ज्ञानू खरं बोलला," तो म्हणाला. "मी मागनंच मारला. पानी पीत हुता त्यो."

पोराचा चेहरा पांढरा पडला. पण पाय थांबले नाहीत. बाजूला हो म्हणाला, न्हाईतर आधी तुला. त्या डोळ्यांत मानसिंगला आपलेच डोळे दिसले, आणि समजावणीनं हे भागायचं नाही हे कळलं.

मग पोराचे तालमीत चुरगळलेले कान त्याला दिसले, आणि त्यानं एक केलं. मागं सरकला, शड्डू ठोकला आणि उजवा हात पुढं केला.

आता तालमीत वाढलेल्या पोराला शड्डूचा आवाज आला की डोकं विचारत नाही, हात आपोआप जातो. हात मिळवल्याशिवाय कुस्ती नाही, हे मातीत पहिल्या दिवशी शिकवतात. वीरधवलनं पत्रा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात सलामीला दिला.

मानसिंगनं तो हात सोडलाच नाही. मनगट पिळलं, कोपर उलटं करून आपल्या खांद्यावर घेतलं आणि सगळं वजन टाकून खाली ओढलं. हाड मोडल्याचा आवाज हौदाच्या भिंतीवर आपटला. पोरगं गुरासारखं ओरडलं. डाव्या हातानं त्यानं पत्रा बापाच्या बरगडीत खुपसला, उपसला, पुन्हा खुपसला. मानसिंगच्या सदऱ्यातनं रक्त पायापर्यंत आलं, तरी त्यानं तो हात पुन्हा एकदा पिळला. शिपाई काठ्या घेऊन धावले तेव्हा दोघंही साबणाच्या पाण्यात पडले होते.

जेलरनं विचारलं तेव्हा मानसिंग म्हणाला, मीच आधी हात घातला, पोरानं जीव वाचवायला मारलं. माफी रद्द झाली. दिवाळीची सुटका गेली.

बातमी कळल्यावर लीलाबाई आली. पोराला भेटली आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, नवऱ्याची भेट मागितली. जाळीपलीकडं मानसिंग मान खाली घालून उभा राहिला. ही आता शिव्याशाप देणार, असं धरूनच तो आला होता. त्यानं सगळं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं. मग सांगितलं की पोरानं घरात तिच्यावरही हात उचलला होता, एकदा न्हाई, कैक डाव.

"खांदा मोडायचा हुता," ती म्हणाली. "कोपर काय, बसवलं की बसतंय."

आणि पदर तोंडात कोंबून तिथंच रडायला लागली. मानसिंगलाही रडू फुटलं. शिपायानं वेळ संपली म्हणून सांगितलं, तरी ती जाळी सोडेना.

पुढं दवाखान्याच्या बाकावर बाप-लेकाची गाठ पडली. एकाच्या बरगडीला पट्टी, एकाचा हात प्लास्टरात. वीरधवल भिंतीकडं तोंड करून बसला. मग दातओठ खात म्हणाला,

"सलामीला हात दिला हुता मी. प्लास्टर निघू दे, तुला जित्ता सोडत न्हाई."

मानसिंगनं मान डोलावली. त्याला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

"मी हितंच हाय," तो म्हणाला. "पर तवर दुसऱ्या कुणाला हात लावायचा न्हाई. आधी माझी पाळी."

 पोरानं तोंड फिरवून बापाकडं पहिल्यांदा नीट बघितलं.