न्हाणीत न मावलेली चौकट

एप्रिलमधला रविवार, सकाळी साडेसात. हजर: मी, माझी आई, माझे यजमान.

काम एकच होतं. घसरून पडल्यापासून आईला अंघोळीच्या वेळी धरावं लागतं. मी धरते आणि ती सगळा वेळ भिंतीकडे बघते. तिला दार लावून, एकटीनं अंघोळ करायची होती. म्हणून स्टुलाच्या तिन्ही बाजूंनी येणारी, धरून उठता येईल अशी प्लॅस्टिक पाइपची चौकट करायची ठरली.

जाड पाइप, कोपऱ्यांना एल्बो, मधल्या जोडांना टी, चिकटवायला सोल्युशन, पायांना रबरी बुचं. सामान यादीप्रमाणे आदल्या दिवशीच आणलं होतं. न्हाणीची मापंही शनिवारीच घेतली होती. यजमानांनी पाइप कापले, मी कडा घासल्या. सोल्युशन लागलं की जोड सुटत नाही, म्हणून आधी सगळं कोरडंच जोडून हॉलमध्ये उभं केलं. आई आत बसली, दांडी धरून उठली, परत बसली.

"भक्कम हाय की," ती म्हणाली. "आता न्हाणीत कुणी यायचं नाही."

मग आम्ही जोड पक्के केले.

सोमवारी सकाळी आई टॉवेल खांद्यावर टाकून उभी, आणि चौकट न्हाणीत बसेना. मध्ये पाण्याचं पिंप होतं. आमच्याकडे पाणी चार दिवसांआड येतं. त्याच्या आदल्या दिवशी मी पिंप घासायला अंगणात काढते. मापं घेतली तेव्हा ते अंगणातच होतं. रविवारी दुपारी पाणी आलं आणि पिंप जागेवर जाऊन काठोकाठ भरलं.

"पिंप यादीत नव्हतं वाटतं," यजमान म्हणाले.

"तुम्हीही याच न्हाणीत अंघोळ करता."

"भांडू नका," आई म्हणाली. "पिंपाला जागा लागतीच की. मला काय, तू हायसच."

तिनं हे इतक्या शांतपणे म्हटलं की मला स्वतःचाच जास्त राग आला. पिंप दुसरीकडे ठेवता येत नाही. नळाची नळी तिथपर्यंतच पोचते. तेव्हा चौकटच अरुंद करायला हवी.

कापलेले पाइप पुन्हा जोडायला दोन कपलर आणून आठ दिवस झाले. सोल्युशनच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं आणि ते वाळून दगड झालं. आज सकाळीही आईला मीच धरलं, तिनं भिंतीकडे बघितलं. नवीन सोल्युशन आणायचं आहे. मागच्या दोन्ही आडव्या दांड्या मधून कापून चार-चार इंच कमी करायच्या राहिल्या आहेत.