फळ्यावरचा माग

सकाळी शाळेत आल्या आल्या मी चौथीच्या वर्गातला डिजिटल फळा पुसते. तो बंद असला आणि खिडकीतून तिरपं ऊन आलं, की काचेवर आदल्या दिवशीच्या बोटांचे माग दिसतात.

आज ओला फडका हातातच राहिला. काल नदीचा पाठ होता. डोंगरातल्या झऱ्यावर बोट ठेवायचं आणि पाणी समुद्रापर्यंत न्यायचं. वाट मुलांनीच शोधायची. बोट चढाकडे गेलं, की पाणी थांबतं. फळा रागावत नाही, नुसता थांबून राहतो. मला मात्र तास संपायच्या आत पाठ उरकायचा होता. सुमनचं बोट टेकडीशी अडलं, तशी मी ते धरलं आणि थेट समुद्रात नेऊन सोडलं. फळ्यातून टाळ्या वाजल्या. वर्गानेही वाजवल्या. सुमनने नाही.

काचेवर ते सगळं अजून होतं. चाचपडत, मागे फिरत गेलेली नागमोडी रेघ, आणि पुढे एकदम सरळ. अशी कुठली नदी वाहते? पाणीसुद्धा आधी खड्ड्यात साचतं, काठोकाठ भरतं, मगच त्याला पुढची वाट सापडते. आणि हे मी नदी शिकवताना विसरले.

सरळ रेघ तेवढी मी खसाखसा पुसून काढली.

तास सुरू झाल्यावर म्हटलं, "सुमन, आज तू एकटीने कर हं. मी हात लावणार नाही."

ती उठून आली. फळ्याकडे पाठ करून तिने आपलं बोट माझ्यापुढे केलं.

"धरा ना, बाई."